वीज आराखड्यात जातीचा रकाना हवा

२०२५च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने जाहीर केले की देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा, वायू आणि डिझेल यांच्याशिवायची आहे. २०३० साठी ठरवलेले उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठले गेले. बातमी खरी आहे आणि आनंदाचीही आहे. फक्त तिच्यातला ‘स्थापित क्षमता’ हा शब्द सावकाश वाचायला हवा. सौर पॅनेल बसवले की त्याची क्षमता कागदावर धरली जाते, पण सूर्य मावळला की ते पॅनेल थांबते. कोळशाचे केंद्र रात्रीही चालते. त्यामुळे २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वरच होता. म्हणजे खरे काम अजून पुढे आहे. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगरजीवाश्म क्षमता आणि २०७० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जन, असे शब्द दिले आहेत. येत्या वीस-तीस वर्षांत या देशातली वीज कशी बनते, कुठे बनते आणि कोण बनवते, हे सगळे बदलणार आहे.

एवढा मोठा बदल आपोआप होत नाही. त्याचा आराखडा असतो. विद्युत कायदा २००३च्या कलम ३ नुसार केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर पाच वर्षांनी राष्ट्रीय विद्युत आराखडा तयार करते. सध्याचा आराखडा २०२३ मध्ये अधिसूचित झाला आणि त्याची नजर २०३२ पर्यंत जाते. मागणी किती वाढेल, किती मेगावॅट नवे लागतील, साठवणुकीच्या बॅटऱ्या किती, कोळसा किती, पैसा किती, हे सगळे त्यात तक्त्यांनी मांडलेले आहे. अभियंत्यांनी कष्टाने केलेले हे काम आहे आणि त्याची टिंगल करण्याचे कारण नाही.

पण त्या तक्त्यांत एक रकाना नाही. ही वीज ज्यांच्या जमिनीवर उभी राहणार, ज्यांच्या हातांनी उभी राहणार आणि ज्यांच्या घरात सगळ्यात शेवटी पोचणार, ती माणसे कोण, हे विचारणारा रकाना. भारतात हा प्रश्न जातीचे नाव न घेता विचारता येत नाही. म्हणून आमचे म्हणणे एका वाक्यात सांगतो: कमी कार्बनच्या विजेच्या प्रत्येक आराखड्यात आणि प्रत्येक निविदेत जातीचा रकाना असलाच पाहिजे.

पनागरपासून बरगीपर्यंत

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पनागर लागते. तहसिलीचे गाव, भोवती शेती. मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका नाही, १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. विजेच्या दृष्टीने तर हा भाग मध्य प्रदेशाच्या मध्यभागी आहे. राज्यासाठी वीज कोणाकडून घ्यायची, किती वर्षांचा करार करायचा, हे पाहणारी एमपी पॉवर मॅनेजमेंट कंपनी जबलपूरच्या शक्ती भवनातून चालते. पनागरच्या माणसाला आपल्या विजेचा हिशोब विचारायचा असेल तर राजधानीपर्यंत जावे लागत नाही. तो हिशोब शेजारच्या शहरातच लिहिला जातो.

जबलपूरच्या एका अंगाला पनागर, दुसऱ्या अंगाला नर्मदेवरचे बरगी धरण. नर्मदेच्या मोठ्या धरणांच्या साखळीत आधी पूर्ण झालेल्या धरणांपैकी हे एक. १९९० मध्ये जलाशय भरला तेव्हा मंडला, सिवनी आणि जबलपूर या तीन जिल्ह्यांतली १६२ गावे बाधित झाली. त्यात गोंड आदिवासी मोठ्या संख्येने होते. जमीन गेली, जंगल गेले, नदीकाठची गाळपेर गेली. अनेक जण जबलपुरात येऊन रिक्षा ओढू लागले, हमाली करू लागले. धरणाच्या पायथ्याशी ९० मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. वीज एकदा जाळ्यात गेली की कुठली वीज कुठल्या घरात पोचली, हे सांगता येत नाही. जमीन कुणाची गेली, हे मात्र नावानिशी सांगता येते.

गोष्ट इथे थांबली असती तर तिला जुन्या काळातली चूक म्हणून बाजूला ठेवता आले असते. पण त्याच जलाशयाच्या काठावर, मंडला जिल्ह्यात, चुटका नावाचे गाव आहे. बरगीने उठवलेली काही कुटुंबे तिथे वर सरकून वसली. २००९ मध्ये या चुटक्याला अणुऊर्जा प्रकल्पासाठी तत्त्वतः मंजुरी मिळाली. ७०० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या, एकूण १४०० मेगावॅट. २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एकदम दहा स्वदेशी अणुभट्ट्या मंजूर केल्या, त्यांत चुटक्याच्या दोन होत्या. मंडला हा पाचव्या अनुसूचीतला जिल्हा, म्हणजे तिथे ग्रामसभेचा शब्द १९९६च्या पेसा कायद्याने मोलाचा ठरवला आहे. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. २०१३ मध्ये विरोधामुळे जनसुनावणी दोनदा होऊ शकली नाही. शेवटी फेब्रुवारी २०१४ मध्ये ती मोठ्या पोलीस बंदोबस्तात पार पाडली गेली.

बरगी जलविद्युत आहे आणि चुटका अणुवीज. कार्बनच्या हिशोबात दोन्ही स्वच्छ. दोन्ही प्रकल्पांना राष्ट्रीय उद्दिष्टाच्या रकान्यात गुण मिळतात. एकाच समूहाला एका पिढीत धरणासाठी आणि पुढच्या पिढीत अणुभट्टीसाठी उठायला सांगितले गेले, हे मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. धूर नसलेली वीज न्यायाची असेलच, असे गृहीत धरता येत नाही, हे शिकायला जबलपूरच्या पलीकडे जायची गरज नाही.

याचा अर्थ कोळसा बरा होता, असा कुणी काढू नये. याच राज्याच्या पूर्व टोकाला सिंगरौली आहे. तिथले विंध्याचल केंद्र ४७६० मेगावॅटचे, देशातले सर्वात मोठे औष्णिक केंद्र. त्या पट्ट्यातली गावे आधी रिहंद धरणासाठी उठली, मग खाणींसाठी, मग वीजकेंद्रांसाठी. महाराष्ट्रात २९२० मेगावॅटच्या चंद्रपूर केंद्राची राख कुणाच्या वस्तीवर पडते आणि कोळसा-राखेच्या विभागात कंत्राटी कामाला कोण असते, हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. कोळशाने आपल्या लोकांना फुप्फुसाचे आजार दिले. त्याच्या जाण्याचे दुःख करण्याचे कारण नाही. काळजी एवढीच की कोळसा जाताना जुनी उतरंड तशीच नव्या विजेच्या हाती सोपवली जाईल.

बाबासाहेबांनी पहिला प्रश्न कोणता विचारला

या विषयावर आपण उपरे आहोत, असे कुणी आपल्याला वाटू देऊ नये. भारताच्या वीजनियोजनाची पायाभरणी ज्यांनी केली, त्यांत बाबासाहेब आंबेडकर अग्रभागी होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि सिंचन व वीज ही खाती त्यांच्याकडेच होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक बांधकामे आणि वीज यांवरच्या धोरण समितीपुढे त्यांनी भाषण केले. वीज सरकारी मालकीची असावी की खासगी, केंद्राच्या हाती असावी की प्रांतांच्या, असे प्रश्न त्यांनी समितीपुढे ठेवले. पण त्यांच्या मते या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा होता की भारताला वीज हवी कशासाठी. त्यांचे उत्तर स्पष्ट होते: उद्योग उभारण्यासाठी, आणि उद्योग हवेत ते दारिद्र्याच्या न संपणाऱ्या फेऱ्यातून माणूस सोडवण्यासाठी. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, दामोदर खोऱ्याची योजना आकाराला आली, ते याच काळात. पुढे १९४८च्या कायद्याने राज्यांत वीज मंडळे उभी राहिली.

ही परंपरा सांगताना तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. दामोदर खोऱ्यातल्या मैथन आणि पंचेतच्या धरणांनीही संथाळ आणि इतर गरीब कुटुंबे उठवली. वीज कुणासाठी, हा प्रश्न विचारून झाल्यावरही ती कुणाच्या जिवावर, हा प्रश्न शिल्लक राहिला आणि स्वतंत्र भारताच्या नियोजनाने तो टाळला. बाबासाहेबांचा वारसा सांगणाऱ्यांनी हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारायचे आहेत.

सौर प्रकल्पाला जनसुनावणी नसते

सौर ऊर्जा म्हटले की आपल्यासमोर छतावरचे चकचकीत पॅनेल येते. पण मोठी सौर वीज जमिनीवर बनते. मध्य प्रदेशातल्या रीवाचा ७५० मेगावॅटचा सौर प्रकल्प दीड हजार हेक्टरहून अधिक जागेवर आहे. २०१७च्या लिलावात पहिल्या वर्षासाठी प्रतियुनिट २ रुपये ९७ पैसे असा दर निघाला तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. दिल्ली मेट्रोलाही इथून वीज जाते. दर कमी झाला, हे चांगलेच झाले. पण लिलावात ज्या एका आकड्यावर हार-जीत ठरली, तो दराचा होता. गावातल्या किती भूमिहीनांना प्रकल्पात भागी मिळाली, असा आकडा लिलावात कुणी मागतच नाही.

इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सौर फोटोव्होल्टाइक प्रकल्पांना २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली पूर्वमंजुरी घ्यावी लागत नाही. त्यामुळे त्या अधिसूचनेतली जनसुनावणीही होत नाही. चुटक्याच्या माणसांना निदान एक सुनावणी होती, जिच्याविरुद्ध उभे राहता आले. सौर प्रकल्प गावच्या सरकारी जमिनीवर येतो तेव्हा अनेकदा तेवढाही मंच नसतो.

आणि सरकारी जमीन म्हणजे रिकामी जमीन नव्हे. महाराष्ट्रात गायरानाचा इतिहास आपल्या चळवळीचा इतिहास आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, लोक तुरुंगात गेले. मराठवाड्यातल्या हजारो दलित कुटुंबांनी गायरान कसायला घेतले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. तरी आजही कितीतरी कुटुंबे सातबाऱ्यावर नाव नसताना तीच जमीन कसत आहेत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंह खटल्यात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचे आदेश दिले, त्यानंतर त्यांच्या डोक्यावरची टांगती तलवार आणखी खाली आली. मध्य प्रदेशातही २००२च्या भोपाळ जाहीरनाम्याच्या आसपास चराईच्या जमिनीचे प्रमाण कमी करून ती दलित-आदिवासींना पट्ट्याने वाटण्याचा कार्यक्रम झाला. अनेकांना कागद मिळाला, ताबा मिळाला नाही.

आता या जमिनींना नवा दावेदार आला आहे. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात शेतीला दिवसा वीज देण्यासाठी उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभे राहत आहेत आणि त्यासाठी सरकारी जमिनी दिल्या जात आहेत. दिवसा वीज मिळाली तर रात्री पाणी धरायला जाताना साप चावून मरणारा शेतमजूरही वाचेल, म्हणून योजनेचा हेतू आपल्याला मान्य आहे. पण तिची रचना पाहा. खासगी जमीन भाड्याने दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाखांप्रमाणे तीन वर्षे अनुदान मिळते. जो तीस-चाळीस वर्षे गायरान कसत आला, त्याला काय मिळते? कायद्याच्या भाषेत तो अतिक्रमणदार. त्याच्यासाठी भाडे नाही, भरपाई नाही, पुनर्वसन नाही. अनेक गावांतून गायरानावरच्या सौर प्रकल्पांना विरोध झाला, त्याला विकासविरोधी म्हणणे सोपे आहे. पण सातबाऱ्यावर नाव असलेल्याला सूर्य भाडे देतो आणि नाव नसलेल्याला हुसकावतो, हा सूर्याचा दोष नाही. तो रचनेचा दोष आहे आणि रचना माणसांनी केलेली आहे.

छत कुणाच्या नावावर

छतावरच्या पॅनेलचेही तसेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांवर सौर पॅनेल बसवायचे आहेत. तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पण त्यासाठी छत पक्के हवे, स्वतःच्या नावावरचे हवे आणि अनुदानावरची रक्कम भरायला हातात पैसा किंवा बँकेचे कर्ज हवे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला, पत्र्याखाली राहणाऱ्याला, पट्टा नसलेल्या वस्तीतल्या माणसाला ही योजना दारावरून नमस्कार करून पुढे जाते. सौर पंपांच्या योजना तर जमीन आणि पाणी असलेल्यांसाठीच आहेत. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा २०११च्या जनगणनेनुसार १६.६ टक्के आहे. कसल्या जाणाऱ्या जमिनीत तो दहा टक्क्यांहूनही कमी आहे. म्हणजे जमिनीच्या आणि छताच्या मापाने अनुदान वाटले की ते जातीच्या मापानेच वाटले जाते. कुणाच्या मनात पाप असण्याची गरज नाही.

सरकारला जात दिसतच नाही, असे मात्र नाही. मध्य प्रदेशात एक हेक्टरपर्यंत जमीन आणि पाच अश्वशक्तीपर्यंतचा पंप असलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना शेतीची वीज मोफत आहे. महाराष्ट्रात १४ एप्रिल २०२१ पासून बाबासाहेबांच्या नावाच्या जीवन प्रकाश योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना पाचशे रुपये अनामत घेऊन जोडणी दिली गेली. त्या योजना चांगल्याच आहेत. २०११च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ६७ टक्के घरांत विजेचा दिवा होता, तेव्हा अनुसूचित जातींच्या घरांत तो सुमारे ५९ टक्के आणि अनुसूचित जमातींच्या घरांत सुमारे ५२ टक्के होता. ही दरी बुजवायलाच हवी होती. पण नीट पाहिले तर कळते की सरकारला जात बिलाच्या टोकाला दिसते, मालकीच्या टोकाला दिसत नाही. आपण सवलतीचे ग्राहक म्हणून मोजले जातो. वीज बनवणाऱ्याच्या, विकणाऱ्याच्या, नफ्यातल्या भागीदाराच्या रकान्यात आपण नसतो.

लाइनमनच्या मुलीची नोकरी

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात पहिला नियमित पगार वीज मंडळातून, कोळसा खाणीतून किंवा रेल्वेतून आला असेल. लाइनमन, फिटर, खाणीतला लोडर, कार्यालयातला शिपाई. त्या पगारावर तुमचे शिक्षण झाले. ती नोकरी मिळाली कारण मालक सरकार होते आणि सरकारी नोकरीत आरक्षण होते. नव्या सौर आणि पवन प्रकल्पांची मालकी मोठ्या प्रमाणात खासगी कंपन्यांकडे आहे आणि खासगी नोकरीत आरक्षण नाही. उभारणीच्या काळात काही महिने मजुरी मिळते. प्रकल्प सुरू झाला की गावाच्या वाट्याला येते ती चौकीदारी, गवत काढणे आणि पॅनेल धुणे. अभियंता, व्यवस्थापक, सल्लागार, वित्त विभाग हे बहुतेक बाहेरून येतात, आणि ते कुठल्या समाजातून येतात याची मोजणी कुणी करत नाही.

म्हणून ऊर्जा संक्रमण हा आरक्षणाचाही प्रश्न आहे. ते कुठल्या आदेशाने रद्द झालेले नाही. ज्या जागेवर ते लागू होते ती जागाच हळूहळू लहान होत चालली आहे. कोळशाची सरकारी केंद्रे आणि खाणी येत्या काही दशकांत बंद होत जातील, तेव्हा कायम कामगारांसाठी काही योजना निघतीलही. कंत्राटी कामगार, राख वाहणारे, खाणीबाहेरचा चहावाला हे त्या योजनेच्या यादीत असतील का, हे आजच विचारायला हवे. बंद झाल्यावर विचारून उपयोग नाही.

असा रकाना ठेवता येतो का? दक्षिण आफ्रिकेने ठेवला आहे. वर्णभेदाचा इतिहास असलेल्या त्या देशाने २०११ मध्ये अक्षय ऊर्जेच्या लिलावांची पद्धत सुरू केली, तेव्हा निविदेतले सत्तर टक्के गुण दराला दिले आणि तीस टक्के गुण आर्थिक विकासाच्या निकषांना. स्थानिक नोकऱ्या, कृष्णवर्णीयांची मालकी, प्रकल्पाभोवतीच्या वस्त्यांची भागी. स्थानिक समुदायाचा किमान अडीच टक्के हिस्सा बंधनकारक केला. ते सगळे सुरळीत चालले असे नाही. समुदायांच्या विश्वस्त निधींवर कुणाचा ताबा, यावर तिथे वाद आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये कोमाटीचे कोळसा केंद्र बंद झाले, तेव्हा पर्यायी रोजगार वेळेवर उभा राहिला नाही, अशी तिथल्या कामगारांची तक्रार राहिली. पण निविदेत वंशाचा रकाना ठेवल्यामुळे लिलाव थांबले नाहीत, दरही उतरत गेले. जे त्यांना वंशाबद्दल जमले, ते आपल्याला जातीबद्दल का जमू नये?

आपल्याकडे त्याचे बीज आहेच. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून सरकारी खरेदी करण्याच्या २०१२च्या आदेशात चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करण्याचे लक्ष्य आहे. बरगीतही एक धडा आहे. १९९४ मध्ये जलाशयातल्या मासेमारीचा हक्क विस्थापितांच्या सहकारी संस्थांच्या संघाला मिळाला. ज्यांची शेते पाण्याखाली गेली, त्यांनी त्याच पाण्यावर काही वर्षे आपला कारभार चालवून दाखवला. गरीब माणसाला मालकी पेलवत नाही, असे म्हणणाऱ्यांनी तो काळ तपासावा.

एक आक्षेप

काही जण म्हणतील, तापमान वाढते आहे, वेळ थोडा आहे, त्यात जातीचा घोळ घातला तर काम रखडेल. पहिल्या भागाशी आम्ही सहमत आहोत. मे महिन्याच्या उन्हात रस्त्यावर डांबर ओतणारा, वीटभट्टीवरचा, नाला उपसणारा माणूस कोण असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. हवामान बदलाचा पहिला फटका आपल्याच माणसांना बसतो, म्हणून कमी कार्बनची वीज लवकर यावी, ही मागणी सर्वांत आधी आपली असली पाहिजे. पण काम रखडते कशामुळे, तेही पाहा. चुटक्याच्या प्रकल्पाची तत्त्वतः मंजुरी २००९ ची. लोकांना न विचारता ठरवलेल्या प्रकल्पाची किती वर्षे सुनावण्या, मोर्चे आणि बंदोबस्तात गेली, हा हिशोब घाई करणाऱ्यांनीच मांडावा. आधी विचारणे हे वेळ वाचवण्याचेही काम आहे.

काय मागायचे आणि कुठे

मागण्या चार आहेत. प्रत्येक सौर आणि पवन प्रकल्पाआधी जमिनीचा सामाजिक पाहणी अहवाल व्हावा, त्यात सातबाऱ्यावर नाव नसलेले प्रत्यक्ष कसणारे नोंदवले जावेत आणि जमीनमालकाला मिळते तसे वार्षिक भाडे त्यांनाही मिळावे. निविदेत दरासोबत अनुसूचित जाती-जमातींच्या आणि स्थानिक भूमिहीनांच्या मालकीला, नोकऱ्यांना गुण असावेत. ज्यांना छत नाही त्यांच्यासाठी वस्तीबाहेर सामुदायिक पॅनेल उभारून त्याची वीज बिलात वळती करण्याची सोय व्हावी. व्हर्च्युअल नेट मीटरिंग नावाची ही पद्धत दिल्लीत मान्य झालेली आहे. आणि कोळसा केंद्र किंवा खाण बंद करण्याच्या प्रत्येक योजनेत कंत्राटी कामगारांची जातवार नोंद आधी प्रसिद्ध व्हावी.

या मागण्या मांडायला मंत्रालयासमोर उपोषणच करावे लागते, असे नाही. राष्ट्रीय विद्युत आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून जनतेच्या सूचना आणि हरकती मागवणे कायद्याने बंधनकारक आहे. वीजदर ठरवताना राज्य नियामक आयोगालाही जनतेच्या हरकती विचारात घ्याव्या लागतात. मध्य प्रदेशचा आयोग भोपाळला आहे, महाराष्ट्राचा मुंबईला. तिथे उद्योगांचे वकील असतात, मोठ्या ग्राहकांच्या संघटना असतात, काही जाणकार कार्यकर्ते असतात. दलित वस्तीतर्फे, गायरानधारकांतर्फे, पॅनेल धुणाऱ्या कंत्राटी बायांतर्फे लेखी हरकत क्वचितच येते. हरकत लिहायला वकील लागत नाही. मसुदा वाचता आला पाहिजे, आकडा कुठून आला हे विचारता आले पाहिजे, दिलेल्या मुदतीत कागद पाठवता आला पाहिजे.

घरातले पहिले पदवीधर म्हणून तुम्ही ही कामे रोज करताच. विजेचे बिल चुकून जास्त आले तर गल्लीतली माणसे तुमच्याकडे घेऊन येतात. जातीच्या दाखल्याचा अर्ज तुम्ही भरता, ग्रामसभेची नोटीस तुम्ही वाचून दाखवता. त्याच वाचनाची मर्यादा थोडी वाढवायची आहे. गावात सौर प्रकल्पाचा फलक लागला तर जमीन कुठल्या गटातली, कुठल्या कराराने दिली, ग्रामसभेचा ठराव झाला का, कसणाऱ्यांची यादी कुठे आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आयोगाने हरकती मागवल्या तर दोन पाने लिहा. अभियांत्रिकी शिकलेले असाल तर विद्युत प्राधिकरणाच्या आणि नियामक आयोगांच्या जागांसाठी अर्ज करा, कारण रकाने आखणारा हात कुणाचा आहे, यावर बरेच काही ठरते.

पुढचा राष्ट्रीय विद्युत आराखडा २०२७ नंतरच्या वर्षांसाठी येईल. त्याचा मसुदा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा पनागरमधून, चुटक्यातून, चंद्रपुरातून आणि मराठवाड्यातल्या गायरानांवरून किती कागद जातात, हे आपल्या हातात आहे. बाबासाहेबांनी १९४३ मध्ये वीज कशासाठी, हे विचारले होते. ती कुणाच्या जमिनीवर, कुणाच्या कष्टावर आणि कुणाच्या मालकीची, हे त्या मसुद्याला आपण लेखी विचारूया.